पहिली टाकी कुणाची

लसाद घोर्बेलला कुणी विचारलं, बाबा रे, तू नेमकं काम काय करतोस, की तो आधी एक सुस्कारा टाकतो. उत्तर नंतर. त्याच्या आईची समजूत अशी की पोरगा परदेशी पाहुण्यांना गाव दाखवतो, कारण बघावं तेव्हा हा विमानतळावर कुणाला तरी आणायला नाहीतर सोडायला निघालेला. रौधाला, म्हणजे त्याच्या बायकोला, विचारलंत तर ती औषधाच्या दुकानातल्या काउंटरवरून सांगते, "माझा नवरा माफी मागायची नोकरी करतो. अरबी, फ्रेंच, इटालियन आणि मोडकीतोडकी जपानी. चार भाषांत माफी मागतो आणि घरी येऊन माझ्यावर डाफरतो."

मी म्हणते, तीन बायकांचा दादला आहे तो. आमच्या ट्युनिशियात कायद्यानं एकच बायको करता येते, पण या गड्यानं तीन केल्यात, आणि तिघी तीन देशांत. रौधासमोर म्हटलं तर ती म्हणते, "मग मी चौथी. माझा नंबर शुक्रवारी लागतो, तोही फोन बंद असला तर."

मला सगळे खालती वसीला म्हणतात, म्हणजे वसीला मावशी. सख्खी मावशी मी कुणाचीच नाही, पण सव्वीस वर्षं हाज तिजानींच्या तेलाच्या घाण्यावर आहे म्हटल्यावर सगळ्यांचीच झाले. जैतुनाचं तेल चाखायचं आणि बाटल्या भरणाऱ्या चाळीस बायकांवर ओरडायचं, हे माझं काम. लसादही त्याच घाण्याचा माणूस, त्यामुळे त्याच्या तिन्ही बायका मी जवळून पाहिल्यात.

पहिली इटलीची, सिन्योर बोनफान्ती. बायको म्हटलं तरी सहा फूट उंच, पांढरी दाढी, आणि जेवल्यावर खुर्चीतच डोळा लागतो. हाजच्या वडिलांच्या काळापासून ते घराणं आमचं तेल टाक्या भरभरून नेतं, तिकडे आपल्या बाटलीत भरतं, त्यावर आपलं नाव लावतं. बदल्यात बाटल्या भरायचं यंत्र त्यांनी दिलंय, आणि यंत्र रुसलं की दुरुस्तीचा माणूसही तेच धाडतात. दुसरी ओसाकाची, कानामोरी बाई. त्या फक्त अगारेब गावाकडच्या झाडांचं तेल घेतात, तेही तिथल्या पहिल्या दहा दिवसांचं. छोट्या काळ्या बाटलीत. आणि त्या बाटलीवर नाव आमचं असतं, आमचं! तिसरी कुवेतची, अबू मिशारी. पाच लिटरचे डबे, त्यांच्या सगळ्या दुकानांत दर्शनी फळी, आणि दिवसाला चाळीस आवाजी निरोप. निम्मे निरोप तब्येत कशी आहे विचारणारे.

लसादचं काम ऐकायला सोपं. एकीला दिलेलं दुसरीला द्यायचं नाही, एकीचं गुपित दुसरीच्या कानावर जाऊ द्यायचं नाही, आणि तिघींनाही वाटत राहिलं पाहिजे की घरात लाडकी मीच.

एकदा मी त्याला म्हटलं, "मेल्या, एकीवर भागत नाही का तुझं?"

तो रिकाम्या क्रेटवर बसला आणि मला शाळेतल्या पोरीसारखं समजावू लागला. "खालती, बोनफान्तीकडे यंत्र आहे, जहाजं आहेत. अबू मिशारींकडे दुकानं. आणि कानामोरी बाई आपलं नाव लावतात. बरं, त्यांनी शंभर प्रश्न विचारून आपला जीव खाल्ला म्हणून आपण टाक्या नीट धुवायला शिकलो. टाक्या धुतल्यापासून बोनफान्तीनं एकतरी टाकी नाकारलीय का? एकीकडून शिकायचं, दुसरीकडे त्याचा फायदा घ्यायचा. पण तिघं पाहिजेत. एक गेला की उरलेले दोघं आपली मानगूट धरतात."

"आणि तूच गेलास तर?"

"मी कुठला जातो? मला साधा ताप आला तरी तीन देशांतून फोन येतात, ताप कधी उतरणार म्हणून. खालती, मला आजारी पडायची सोय हवीय हो. दुसरं काही मागत नाही."

त्या सोयीसाठी त्यानं एक कागद बनवला होता. कागद कसला, पलंगावरची चादरच. कुठली झाडं कुणाची, कुठले आठवडे कुणाचे, कुठल्या देशात कुणी विकायचं, कुठली गोष्ट कुणाला विचारल्याशिवाय करायची नाही, सगळं तीन रंगांत. खाली हाजच्या सहीची जागा. सही झाली असती तर लसाद नसतानाही कुणालाही चादर बघून कारभार करता आला असता. सहा वर्षं तो दर हंगामाला ती चादर घेऊन हाजच्या खोलीत जायचा. हाज चष्मा लावायचे, कौतुकानं बघायचे, चष्मा काढायचे. "सुंदर काढलंयस. पण कागद परक्यांसाठी असतो, लसाद. ही आपली माणसं."

यंदा मात्र घोर होता. कानामोरी बाईंचा करार संपत होता, आणि नोव्हेंबरात त्या पुढच्या पाच वर्षांची सही करायला येणार होत्या. सही झाली तर काळी बाटली राहणार. नाही झाली तर आमचं नाव जपानातून पुसलं जाणार आणि आम्ही पुन्हा दुसऱ्यांच्या टाक्या भरत बसणार. माझ्या चाळीसजणींना हे न सांगताच कळत होतं. बाटलीला बायका लागतात. टाकी भरायला एक नळी पुरते.

आता हाजची एक रीत आहे, ती सांगते. हंगाम सुरू झाला की घाण्यातून निघालेली पहिली टाकी सगळ्यात जुन्या गिऱ्हाइकाची. हाज स्वतः नळ उघडतात, बिस्मिल्ला म्हणतात, आणि टाकीवर खडूनं बोनफान्तीचं नाव लिहितात. वडिलांनी सुरू केलं, मुलगा चालवतो. यात वाईट काही नाही. दर वर्षी आधी समुद्राकडच्या झाडांची फळं उतरायची, पहिली टाकी त्यांचीच भरायची. अगारेबची पाळी दोन आठवड्यांनी. म्हणून बाईंचे दहा दिवस आणि हाजची रीत यांची कधी गाठच पडली नव्हती. यंदा समुद्राकडची झाडं विश्रांतीला बसली. जैतुनाचं झाड तसंच, एक वर्ष भरभरून देतं आणि एक वर्ष तोंड फिरवतं. पहिली फळं उतरली ती अगारेबची.

हे लसादला ठाऊक होतं बरं का. म्हणून त्यानं बोनफान्तीला सोमवारी बोलावलं, बुधवारी संध्याकाळचं परतीचं तिकीट काढलं, आणि बाईंना गुरुवारी. घाणाही गुरुवारी सुरू होणार. बोनफान्ती समोर नसला की त्याची टाकी हळूच पुढे ढकलता येईल, असा बेत. बुधवारी दुपारी हा बाईंना आणायला ट्युनिसला रवाना झाला.

आणि बुधवारी संध्याकाळी बोनफान्ती निरोप घ्यायला हाजकडे गेला.

"उद्या घाणा सुरू होतोय आणि तू आज चाललास?" हाज म्हणाले. "नवं तेल न चाखता? माझ्या दारातून उपाशी?"

झालं. तिकीट बदललं.

गुरुवारी सकाळी हाजनी नळ उघडला, बिस्मिल्ला म्हटलं. मी बोट बुडवून जिभेला लावलं. हिरव्या बदामाची चव आणि शेवटी घशात हलकी चुरचुर. अगारेब. डोळे मिटून सांगेन.

"हाज," मी म्हटलं, "हे जपानी बाईंचं आहे."

"वसीला, त्यांना नऊ दिवस राहतायत की. नऊ दिवस काय थोडे झाले?" आणि खडू घेऊन लिहिलं नाव.

मी अंगणात जाऊन लसादला फोन लावला. आता इथे माझी चूक कबूल करते. गेल्या वसंतात मी त्याला फोन करून सांगितलं होतं, कानामोरी बाईंनी तुला मागणी घातलीय. त्याच्या आधी, बोनफान्ती टाकीत पडला म्हणून अर्धा तास पळवलं होतं. काय करू, त्याचा चेहराच असा आहे की थट्टा केल्याशिवाय राहवत नाही.

"लसाद, ऐक, बोनफान्ती इथेच आहे."

"खालती, आज नको. बाई शेजारी बसल्यात."

"अरे खरंच! आणि पहिली टाकी..."

"हो हो, आणि तो टाकीत पडलाय. ठाऊक आहे मला." ठेवलान फोन.

पुन्हा लावला तर उचलला नाही. त्यानंतर हाजचा फोन त्यानं उचलला, आणि हाजनी सांगितलं, पाहुणीला थेट बागेत घेऊन ये, जेवायला.

बागेत बदामाखाली लांब टेबल मांडलं होतं. मासळीचं कुसकुस, वाफाळती तबूना रोटी, आणि मधोमध नव्या तेलाचं मोठं थोरलं वाडगं. लसाद फाटकातून आत आला, खुर्चीत पसरलेला बोनफान्ती त्याला दिसला, आणि त्यानं माझ्याकडे जे पाहिलं ते मी सांगत नाही. दोन्ही गिऱ्हाइकांनी सहा वर्षं एकमेकांचं फक्त नाव ऐकलं होतं. बोनफान्ती गालांचे मुके घ्यायला उठला, बाई नमस्काराला कमरेतून वाकल्या, आणि दोघांच्या मध्ये लसाद, कुणाला आवरावं कळेना.

"हे सिन्योर... म्हणजे हे फक्त आज..." तो चाचरला.

"बस रे," हाज म्हणाले. "सगळी आपलीच माणसं." आणि त्यांनी आपल्या हातानं बाईंच्या बशीत तेल ओतलं. "आधी हे घ्या. आज सकाळचं. बोनफान्तीच्या टाकीतलं आहे. पहिली टाकी दर वर्षी त्याची, माझ्या वडिलांपासून."

हाजचं फ्रेंच तोडकं असलं तरी कळण्याइतकं आहे. दुर्दैवानं.

बाईंनी रोटीचा तुकडा मोडला, बुडवला, तोंडात घातला. डोळे मिटले. मी त्या बाईंना ओळखते, त्या चाखतात तेव्हा कान सुद्धा हलत नाहीत. मग डोळे उघडून त्यांनी शांतपणे विचारलं, "झाडं कुठली?"

मी टेबलाखालून हाजना लाथ मारली. ती बोनफान्तीला लागली. तो माझ्याकडे बघून गोड हसला.

"अगारेबची!" हाजची छाती फुगली. "दुसरी कुठली असणार? ओळखलंत ना?"

"ओळखलं," बाई म्हणाल्या.

त्यानंतर त्यांनी ताटातलं कुसकुस शेवटच्या कणापर्यंत संपवलं, मासळीची तारीफ केली, झाडांखाली बोनफान्तीबरोबर फोटो सुद्धा काढला. लसादचं ताट तसंच भरलेलं राहिलं. हाज त्याला आग्रह करत होते, "खा रे, वाळून चाललास."

हॉटेलवर सोडताना गाडीत मीही होते. बाई आवाज न चढवता म्हणाल्या, "घोर्बेल-सान, ओसाकात मी दुकानदारांना सांगते की हे तेल जगात दुसरीकडे कुठेच मिळत नाही. उद्या इटालियन बाटलीत मिळालं, तर खोटारडी मी ठरेन. परवा सकाळी मी निघते. तोवर ती टाकी कुणाची ते मला कळवा."

शुक्रवारी सकाळी लसाद हाजच्या खोलीत गेला. मी चहा घेऊन गेले आणि तिथेच उभी राहिले, मला कुणी हाकललं नाही.

"टाकी अजून आवारातच आहे," लसाद म्हणाला. "बंदराकडे सोमवारी जाणार. हाज, बोनफान्तीला फोन करा. त्याला दुसरी टाकी देऊ, मोठी देऊ."

"दिलेलं परत मागू?" हाजनी पेला खाली ठेवला. "मी? माझ्या बागेत जेवलेल्या माणसाकडून?"

"करारात लिहिलंय, दहा दिवस!"

"करार आहे ना. मी कुठे नाही म्हणतो? करार करारापाशी, पाहुणा पाहुण्यापाशी."

"टाकी एकच आहे, हाज! एकच! ती दोन ठिकाणी कशी राहील?"

"ओरडू नकोस. वसीला, त्याला चहात बदाम घाल."

"मला बदाम नकोत!" लसादचा आवाज फाटला. "सहा वर्षं मी या बाईंच्या पाया पडतोय. पहिलं वर्ष तर त्यांनी फक्त प्रश्न विचारण्यात घालवलं. बोनफान्तीनं यंत्र काढून नेऊ नये म्हणून त्याच्या नातवाच्या वाढदिवसाला मी खेळणी धाडतो. अबू मिशारींच्या गुडघ्याची चौकशी मी स्वतःच्या आईच्या गुडघ्याआधी करतो. आणि तुम्ही एक नळ उघडता, की संपलं! निदान त्या कागदावर सही केली असतीत..."

"तुझा तो कागद," हाज शांतपणे म्हणाले, "म्हणजे माझ्या पाहुण्यांच्या ताटांवर नावं लिहिणं आहे. ते या घरात होणार नाही."

बाहेर पडल्यावर लसादनं जिन्यातल्या भिंतीवर एक बुक्की मारली. मग हात चोळत म्हणाला, "चला खालती. मीच मागतो परत."

"हाजला न विचारता?"

"विचारलं की आत्ता. ऐकलंत ना तुम्ही."

मी गेले. कालचा तो फोन माझ्या मनाला खात होता.

बोनफान्ती बंदराजवळच्या कॅफेत वर्तमानपत्र वाचत बसला होता. लसादनं सगळं सरळ सांगितलं. बाईंचे दहा दिवस, अगारेब, चूक आमच्या घरची. बोनफान्तीनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तिजानीनं पाठवलंय तुला?"

लसादनं कप बाजूला सारला. "नाही. मीच आलोय."

"ने टाकी," बोनफान्ती म्हणाला, आणि हसला. "मला अगारेब काय आणि दुसरं काय! तिकडे गेलं की मी सगळं एकत्रच करतो."

लसादचा चेहरा बघण्यासारखा झाला. ज्या तेलासाठी आम्ही दोन दिवस जिवाचं रान केलं, ते या बाबाला वेगळं ओळखूही आलं नसतं.

"पण एक सांगतो," बोनफान्तीनं वर्तमानपत्राची घडी घातली. "मला वाटत होतं, या घरात मी पहिला आहे. बाईंशी तुम्ही असा करार केलात ते मला परक्यासारखं आज कळलं. सहा वर्षांनी. आधी सांगितलं असतंस तर मी टाकी घेतलीच नसती." उठता उठता म्हणाला, "यंत्राचा माणूस डिसेंबरात यायचा होता ना? बघू आता. त्यालाही इतर कामं असतात."

 परत येताना लसाद एकदम म्हणाला, "खरं बोलला तो. मी लपवत बसलो, खालती. मला वाटलं, लपवणं म्हणजेच सांभाळणं."

शनिवारी सकाळी कानामोरी बाईंनी आवारात जाऊन टाकी पाहिली. खडूचं नाव पुसलेलं होतं. त्यांनी नळातून थेंब घेऊन पुन्हा चाखला. मग कचेरीत बसून सही केली. पाचऐवजी एक वर्षाची, आणि बाटल्या निम्म्या. वर हातानं एक ओळ जास्तीची घातली, की या मालाबद्दल उत्तर द्यायला फक्त लसाद घोर्बेल बांधील राहील.

दुसरा कुणी असता तर हुरळून गेला असता. लसाद पांढरा पडला. "बाई, मी एकटा नको. कंपनीचं नाव घाला. मी उद्या नसलो तर?"

"कंपनी कुठे आहे?" बाईंनी खरंच इकडेतिकडे पाहिलं. "मला एक फार चांगले यजमान भेटले. आणि तुम्ही. कंपनी भेटली की पाच वर्षांचं बोलू."

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात यंत्र रुसलं. इटलीहून कुणी आलं नाही. आम्ही चाळीसजणींनी काळ्या बाटल्या नरसाळ्यानं भरल्या, हातानं बुचं ठोकली, हातानं लेबलं चिकटवली. बोटं इतकी आखडली की घरी जाऊन चमचा धरवेना. पण लेबलावर नाव आमचं होतं, एक वर्ष का होईना.

हाज मात्र लसादशी बोलत नव्हते. घराण्यानं दिलेली वस्तू परत आणली म्हणून. दोघं एकाच टेबलाशी समोरासमोर बसायचे आणि मध्ये मी.

"वसीला, त्याला विचार, कंटेनर कधी निघणार."

"हाजना सांगा खालती, मंगळवारी."

"अरे ऐकू येतंय ना तुम्हाला दोघांना!" मी म्हणायचे. "मला पगार चाखायचा मिळतो, पोपटाचा नाही."

तीन आठवडे असे गेले. कंटेनर निघाला त्या दिवशी हाज जरा मऊ दिसले. रिकाम्या आवाराकडे बघत मला म्हणाले, "वसीला, त्याला सांग, कागदावर सही मी करणार नाही. पण पुढच्या हंगामात कुणाला कधी बोलवायचं, ते त्यानं ठरवावं. मी मधे पडणार नाही."

मला तर टाळी वाजवावीशी वाटली. लसादनं मान वर केली नाही. फोनमधला निरोप ऐकत होता.

"हाजना विचारा," तो सावकाश म्हणाला, "अबू मिशारींना पुढच्या नोव्हेंबरचं आमंत्रण कुणी दिलंय?"

हाजनी घसा साफ केला. "काल त्यांचा फोन आला होता. माणूस आपणहून विचारतो, नवं तेल कधी निघतं, तर काय सांगायचं? येऊ नका सांगायचं?"

"पहिल्या दिवशी?"

"पहिल्याच दिवशी तर मजा असते."

"आणि बरोबर कोण येतंय?"

"त्यांचा मेव्हणा," हाज खिडकीकडे बघत म्हणाले. "चांगला मुलगा आहे. त्याला जपानात दुकान काढायचंय म्हणे. मी म्हटलं, आमची ओळख आहे तिकडे."

लसादनं दोन्ही तळहातांनी तोंड झाकून घेतलं. मला वाटलं, रडतोय. नव्हता रडत. हात खाली घेतले आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा सरळ हाजकडे बघून बोलला.

"हाज, तुमचा फोन द्या इकडे. या वेळी लपवालपवी नाही, जपान कुणाचं ते अबू मिशारींना मीच सांगतो. मी बोलेपर्यंत तुम्ही एक अक्षर काढू नका."

हाजनी फोन दिला.